व्हॉल्व्हवरचा गमछा

मी सेफ्टी ऑफिसर. नियम मला तोंडपाठ होते आणि त्याचा मला जरा माजही होता.

कोलकात्याबाहेर बराकपूरजवळच्या आमच्या गोदामात प्रोपेनवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट आहेत. सीटमागे आडवा सिलिंडर असतो. त्यातला द्रव नळीतून पुढे येतो, इंजिनाच्या गरम पाण्याने त्याचा वायू होतो आणि त्यावर इंजिन चालतं. बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवायचा. नळीत उरलेलं जळून संपलं की मिनिटभरात इंजिन आपोआप गप्प होतं.

आमचे ऑपरेटर नितायदा मशीन बिघडलं की व्हॉल्व्ह बंद करून त्यावर आपला लाल चौकड्यांचा गमछा बांधत. म्हणजे कुणी हात लावायचा नाही. हे अख्ख्या गोदामाला ठाऊक होतं, फक्त पुण्याहून नव्याने आलेल्या मला नव्हतं. गरम इंजिनाजवळ हे कसलं फडकं, म्हणून पाहणी करताना मी ते सोडून कचऱ्यात टाकलं. दुपारी दुसऱ्या कुणीतरी व्हॉल्व्ह उघडला. नळी गळत होती. आग भडकली आणि व्हॉल्व्ह बंद करायला नितायदाच धावले. ते वाचले नाहीत.

गमछ्याचा अर्थ मला नंतर कळला. तरी अहवालाच्या मसुद्यात मी लिहिलं, ‘ऑपरेटरने खूण ठेवली नव्हती.’

त्यांची बायको गेटवर आली. “मॅडम, गमछा बांधे बिना वो उतरते ही नहीं थे. इतना लिख दीजिए.”

“जांच चल रही है,” म्हणत मी आत सटकले. लाज वाटली. नोकरी जाईल ही भीती जास्त वाटली.

सोमवारी दुपारी दुरुस्त झालेल्या त्याच मशीनची चाचणी होती. व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला.

एक मिनिट झालं. तीन झाली. इंजिन चालूच.

किल्ली काढली. तरी चालूच.

मेकॅनिकने नळी सोडवून सिलिंडरच उतरवला. नळी हवेत लोंबत होती आणि इंजिन संथ घरघरत होतं.

मेकॅनिक रिकाम्या सीटकडे बघून हळूच म्हणाला, “दादा, उतर आओ.”

इंजिन थांबलं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी टेबलाशी बसले आणि अहवालातला शब्दही न बदलता सही करून पाठवून दिला.

संध्याकाळी न्यू टाउनच्या फ्लॅटवर पोहोचले. माझा नवरा अनीश आधीच आला होता.

“शर्वरी,” तो स्वयंपाकघरातून म्हणाला, “गॅसच्या सिलिंडरवर हे लाल चौकड्यांचं फडकं तू बांधलंस? मी सोडून टाकलं. चहा ठेवतोय.”