ताईच्या हातचा केक

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे घडलं माझ्या सख्ख्या काकूच्या घरात. आणि काकू काय चीज आहे ते आधी सांगते, म्हणजे शंका घ्यायला जागा राहणार नाही. ती सव्वीस वर्षं रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला आहे. भाजीत मीठसुद्धा चमच्यानं मोजून घालते. 'अंदाजे' आणि 'चवीनुसार' हे शब्द ऐकले की तिच्या कपाळाला आठी पडते. उगाच काहीबाही दिसणाऱ्यातली ती नाही.

दिवस तिला पाठ आहे. चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर, शेवटचा रविवार. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट.

वेळ दुपारी दोनची.

हो, दुपारीच. लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. भुताखेतांना काळोख लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा काकूला भेटावं.

काकूला एक थोरली बहीण होती. सगळे तिला ताईच म्हणायचे, त्यांची आईसुद्धा. ताई शाळेत शिकवायची, आणि हाताला चव अशी की विचारू नका. वर्षअखेरची सुट्टी लागली की ती मसाल्याचा केक करायची. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, काळ्या मनुका, संत्र्याची साल. डबा उघडला की वास जिन्यापर्यंत जायचा.

कृती मागणाऱ्या प्रत्येकीला ताई सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची. हातचं राखून काही नाही. फक्त केक मात्र कुणाचाच तिच्यासारखा व्हायचा नाही.

काकूचाही नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा काकूचा स्वभाव नाही. तिनं सरळ विचारलं, "ताई, यात काहीतरी लिहायचं राहिलंय."

ताई हसली. "अगं, सगळं लिहिलंय. एकेकीचा हात असतो."

चार वेळा विचारलं. चार वेळा तोच कागद.

आणि दर वर्षी काकूचा केक चाखून आजी, म्हणजे या दोघींची आई, एकच वाक्य बोलायची. "बरा झालाय गं धाकटे. पण ताईच्या केकची सर नाही."

काकू जळायची. हे माझं म्हणणं नाही, तिनंच मला सांगितलंय. "जळायचे मी. खोटं कशाला बोलू? शाळेत पहिला नंबर तिचा, घरात पहिला शब्द तिचा. आई म्हातारपणी राहिली तीसुद्धा तिच्याकडेच."

मग त्या वर्षी मार्चमध्ये ताई गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

आजी काकूकडे राहायला आली. काकूनं रडत रडत तिच्यासाठी खोली लावली. गादी घातली, उशाला पाण्याचा तांब्या ठेवला. आणि रडतानाच तिच्या मनात एक विचार येऊन गेला. त्याची तिला अजून लाज वाटते.

आता आई माझी.

पण आजी जेवेचना. काकूनं ताट पुढे केलं की म्हणायची, "ठेव तिथं, खाते मग." संध्याकाळी ताट तसंच. डिसेंबर उजाडेपर्यंत तिचं वजन अडतीस किलोवर आलं. डॉक्टर म्हणाले, "काय वाट्टेल ते करा, पण यांच्या पोटात काहीतरी जाऊ द्या."

आणि एक दिवस आजी आपणहून म्हणाली, "या वर्षी केक नाही का गं?"

काकूचा जीव सुपाएवढा झाला. "करते ना आई! मी करते."

आजीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू?" म्हणाली. "बघ बाई."

काकू तशीच उठून ताईच्या घरी गेली. भावोजींनी ताईच्या स्वयंपाकाचं सामान एका खोक्यात भरून ठेवलं होतं. त्यात केकचा गोल डबा होता, आणि तळाशी एक वही होती.

वहीत केकची कृती होती. सगळी तीच, कागदावर असायची तशी. पण शेवटी एक ओळ जास्तीची होती.

'चक्रीफूल. एक पाकळी. कुटून.'

आणि खाली बारीक अक्षरात... 'हे लिहून देऊ नये.'

काकूचा तिळपापड झाला. एका पाकळीसाठी तीस वर्षं झुलवलं! सख्ख्या बहिणीला! ती बसमध्ये बसून रडली आणि हसलीही. मनात म्हणाली, आता बघ ताई.

त्या रविवारी काका कामासाठी परगावी होते. घरात ती आणि आजी, दोघीच. साडेबाराला काकूनं ओटा पुसून घेतला. सगळं वजन करून वाट्यांमध्ये मांडलं, भांड्यात मिश्रण कालवलं. चक्रीफुलाची एक पाकळी मोडून बशीत ठेवली आणि खलबत्ता काढायला वळली.

परत बघते तर...

बशी रिकामी.

खाली पडली असेल म्हणून तिनं फरशी झाडली. नाही. मग दुसरी पाकळी घ्यावी म्हणून पुडी ओतली. नऊ फुलं होती. चक्रीफुलाला साधारण आठ पाकळ्या असतात, आणि काकूनं सकाळीच सगळी फुलं निवडून, मोजून ठेवली होती.

आता प्रत्येक फुलाला सात होत्या.

नऊच्या नऊ फुलांना. आठवी पाकळी मोडल्याची खूण ताजी, फिकट.

काकूनं दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं नाही. एक पाकळी मोडून मुठीत घट्ट धरली, मूठ न सोडता दुसऱ्या हातानं खलबत्ता ओढला, कुटली आणि थेट मिश्रणात झाडली. "गेली म्हणजे गेली," ती मोठ्यांदा म्हणाली. "आता काढून दाखव."

मग वाळत घातलेले कपडे काढायला बाल्कनीत गेली.

तिथं उभी असताना आतून आजीचा आवाज आला. "धाकटे, किती फेटतेस गं? हात दुखतील."

काकूच्या हातात टॉवेल होता.

आणि तिला पण ऐकू आलं... स्वयंपाकघरातून, भांड्यावर लाकडी चमच्याचा आवाज. ठक ठक ठक. थोडं थांबून पुन्हा, ठक ठक ठक.

ती धावत गेली. कुणी नव्हतं. तिनं भांड्याच्या उजवीकडे ठेवलेला चमचा आता डावीकडे होता.

ताई डावखुरी होती.

तुम्ही-आम्ही असतो तर दार उघडून जिना उतरलो असतो. काकूनं काय केलं? मिश्रण डब्यात ओतलं, ओव्हन लावला आणि समोर खुर्ची टाकून बसली. मी विचारलं, "भीती नाही वाटली?" तर म्हणाली, "नंतर वाटली. आधी राग आला. म्हटलं, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते खोटं नाही."

हळूहळू वास सुटला. तोच, ताईच्या घरचा. पडद्यांत शिरला, उशांत शिरला. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं होतं!

घड्याळात दोन वाजले.

आणि वास...

थांबला.

हळूहळू विरला नाही. नळ बंद करावा तसा बंद झाला.

काकूनं केक बाहेर काढला. रंग सुरेख, टम्म फुगलेला. तिनं कडेचा एक कण तोंडात टाकला. गोड नाही, तिखट नाही, काहीच नाही. ओला पुठ्ठा चावल्यासारखं. आपलंच नाक-तोंड गेलं की काय म्हणून तिनं लवंगांची बाटली हुंगली. लवंग व्यवस्थित नाकात झणझणली. केकलाच तेवढी चव नव्हती.

तेवढ्यात आजीच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला.

काकू दारात गेली आणि तिथंच खिळली. केकचा सगळा वास त्या खोलीत कोंडला होता. कित्येक दिवस आधाराशिवाय उठून न बसलेली आजी पलंगावर सरळ बसली होती. ओठांना काळसर चुरा लागला होता. चादरीवरही चुरा होता.

केक स्वयंपाकघरात होता. अख्खा. सुरीसुद्धा लागली नव्हती.

"आई... काय खाल्लंस?"

"केक. ताईनं भरवला. गरम गरम."

"आई, ताई..."

"ती गेलीय ते माहितीय मला. म्हातारी झालेय, भ्रमिष्ट नाही." आजीनं पदरानं तोंड पुसलं. "तुझाही झालाय म्हणाली. पण म्हणाली, आई, आधी माझा खा."

काकूला दरदरून घाम फुटला. पण पाय मागे वळले ते पळायला नाही. ती स्वयंपाकघरात गेली, केकचा तुकडा कापला, बशीत घालून आणला आणि आजीच्या ओठांपाशी धरला. 

"आता हा खा. मी केलाय."

आजीनं तोंड फिरवलं. "पोट भरलं गं."

त्या दिवसापासून आजीनं काकूच्या हातचा एक घास घेतला नाही. वरण नाही, भात नाही, दूधसुद्धा नाही. "झालं माझं," एवढंच. दुपारी दोन वाजता खोलीतून वास यायचा. काकूनं आत पाऊल टाकलं की बंद.

काकूनं सुट्टी टाकली. आजीच्या उशाशी ठाण मांडून बसली. दोन वाजले, तीन वाजले. वास नाही, आवाज नाही. आजी दाराकडे बघत राहिली फक्त. काकूनं चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायची.

असे तीन दिवस. तिसऱ्या संध्याकाळी आजीला कूस बदलायचंही त्राण उरलं नाही. डॉक्टर सलाईन लावून गेले. म्हणाले, "मनाची तयारी ठेवा."

चौथ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना काकू उशापासून उठली. आजीच्या पायांवर पांघरूण सारखं केलं. बाहेर आली. आणि स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं.

दाराला पाठ लावून ती उभी राहिली.

दोन वाजले...

आतून बशीवर चमचा वाजला. आजी काहीतरी पुटपुटली आणि खुदकन हसली, लहान मुलीसारखी. दाराच्या फटीतून दालचिनीचा वास आला.

"माझ्या आयुष्यात मी तेवढी कुणावर जळले नाही," काकू म्हणाली. "उठवायचं मी, आंघोळ मी घालायची, पाय मी चेपायचे. आणि हसणं तिच्यासाठी."

पण दार तिनं उघडलं नाही. रोज दोनला ओढून घेत राहिली.

पाचव्या आठवड्यात डॉक्टर आले. आजीचं वजन तीन किलोनं वाढलं होतं. गालांवर रंग होता. त्यांनी दोनदा काटा तपासला. "कमाल केलीत! काय देता हो यांना?"

"सगळं घरचंच," काकू म्हणाली.

आजी मार्चच्या शेवटी गेली. दुपारीच. आतला आवाज नेहमीपेक्षा लवकर थांबला म्हणून काकूनं दार उघडलं. आजी झोपल्यासारखी होती. तोंड कुणीतरी स्वच्छ पुसून दिलेलं होतं.

नातेवाईक म्हणाले, "लेकीनं सेवा करावी तर अशी." काकूनं मान डोलावली. काय सांगणार?

त्यानंतर वास नाही, आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, सुटली काकू बिचारी.

गेल्या महिन्यात मी न कळवता काकूकडे गेले. दार तिनंच उघडलं आणि मी चपापले. गळ्याची हाडं दिसत होती. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता. काका मला आधीच फोनवर म्हणाले होते, "जेवतच नाही गं ती. तू तरी सांगून बघ."

घरात मसाल्याचा वास होता. आजीच्या खोलीत, पलंगाशेजारच्या स्टुलावर, नुकताच काढलेला केक होता. मी चाखला. खरं सांगते, तसा केक मी ताईच्या हातचाही खाल्ला नव्हता.

"काकू, अगं, किती सुंदर झालाय! आता तुझ्या केकची सर कुणाला नाही. घे, एक घास घे."

मी तिच्या तोंडाशी घास धरला. तिनं तोंड फिरवलं.

"नको. तू नको."

"मग कोण?"

ती आजीच्या पलंगावर चढून सरळ बसली. पदर सारखा केला. "आईला तीन महिने रोज भरवलं तिनं," म्हणाली. "मला एकदाही नाही. मी सख्खी बहीण ना तिची? मी काय घोडं मारलंय?"

 तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला पाच मिनिटं कमी होती.

"तू नीघ आता," काकू म्हणाली. "आणि जाताना दार ओढून घे."

मी ओढून घेतलं. घ्यायला नको होतं, असं तेव्हापासून रोज वाटतंय.