जोडीचा फोटू

विरजण न्यायला आलीस आन् लाईट गेली बघ. बस घटकाभर. कंदील लावलाय, वात जरा वर करते. अंधारात जिना उतरू नगंस, मधली पायरी फुटलीया. आन् मगाशी काय विचारलंस तू? फोटूवाल्याची बायको, आन् भिंतीवर माझा एकबी फोटू का न्हाई? व्हय, बरोबर हाय तुझं. नवी हायस तू गल्लीत, तुला कुणी सांगितलं नसंल.

मी दुसरेपणाची. आमच्या मालकांची पैली बायको पद्मजा. शाळेत मास्तरीण हुती. लग्नाला चार-दोन वर्सं हुत्यात न हुत्यात तवर तापानं गेली. मालकांचं शाहूपुरीत फोटूचं दुकान. पाटीवर तिचं नाव, आन् दर्शनी काचेच्या कपाटात तिचाच फोटू, हा एवढा. तिरकी बसलेली, कानामागनं एक बट सुटलेली. त्या बटंचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटू. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. पैलवान फोटू काढायला यायचे, ते बी आधी तिच्याम्होरं उभे ऱ्हायचे.

मी कागलकडची शेतकऱ्याची पोर. रंगानं सावळी, धारा काढून हात राकट झालेले. मला बघायला आले तवा मालकांनी मान वर केली न्हवती. लग्नाच्या आदल्या दिशी आक्कांनी, म्हंजे सासूबाईंनी, माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्येच्यावर बाईची आकृती ठोकलेली. आपल्यात चालच हाय की. दुसरीनं पैलीला गळ्यात घालून हिंडायचं. सणाला पैलं लुगडं तिच्या नावानं, ताटातला पैला घास तिच्या नावानं. तिचा मान तिला मिळाला की ती गप ऱ्हाती.

आक्का म्हणाल्या, "चिमणा, हे काढायचं न्हाई. न्हाताना बी न्हाई."

मी मान हलवली. खरं आतनं जळत हुते मी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणत्यात, हिची तर मेल्यावर बी गेली न्हाई. घर तिचं, दुकान तिचं, नवऱ्याचं ध्यान तिचं, आन् वर माझा गळा बी तिचाच. मला बाकी काय नगं हुतं गं. ह्या माणसानं एकदा माझ्याकडं तसं बघावं, जसं त्या फोटूत तिच्याकडं बघितलं हुतं. एवढंच.

एक दिस हट्टच धरला. "अवो, साऱ्या कोल्हापूरचे फोटू काढता, माझा एक काढा की."

काढला. खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यात वाकून लई वेळ बघत बसले. फोटू धुवून आला तर माझं तोंड पिठाच्या गोळ्यागत. ना नाक, ना डोळा. आन् माझ्या मागचा पडदा, त्येची चुणी न् चुणी स्वच्छ.

"तू हललीस," म्हणाले.

परत काढला. मी श्वास धरून बसले. तसाच. तिसऱ्यांदा बी तसाच. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "मी हलले असते तर फराटा उमटला असता. मला एवढं कळतंय. तुमचा नेम मागं चाललाय. मागं कोण हाय, कुणाकडं बघताय तुमी?"

मालक घामेजले हुते. चष्मा काढून पुसत बसले.

मग मी ठरवलं, ह्यांचा डोळा माझ्यावर बसत न्हाई ना, मग मीच बसवते. म्हटलं, मला कॅमेरा शिकवा. आधी हसले, मग शिकवायला लागले. आन् पोरी, खरं सांगू, माझ्या संसारातले तेच दिस चांगले. वरनं खाली वाकून बघायचा डबा कॅमेरा हुता तो, वर काच, काचेत उलटं चित्र, डावं ते उजवीकडं. बाजूला चक्री. ती फिरवली की माणूस धुक्यातनं वर आल्यागत स्पष्ट व्हायचं. मालक माझ्या हातावर हात ठेवून चक्री फिरवायचे. म्हणायचे, "डोळा धर. डोळा स्पष्ट आला की सारं माणूस आलं." पैल्यांदा त्यांचा हात एवढा वेळ माझ्या हातावर ऱ्हायला.

भिंगाचं तोंड लहान-मोठं करायचा आकडा असतोय. तोंड मोठं ठेवलं की एकच जागा स्पष्ट, फुडचं-मागचं पुसट. तोंड बारीक केलं, सोळाच्या आकड्यावर नेलं, की नाकापास्नं पडद्यापर्यंत सारं स्पष्ट. खरं मग उजेड कमी पडतोय, म्हणून फ्लॅशची गोळी लावायची. फाट्‌दिशी पेटती आन् एका फोटूत जळून जाती. तिचा करपलेला वास दुकानभर ऱ्हायचा. हे कळलं तवा मी मनात म्हटलं, युक्ती घावली. आता सोळावर काढते. मग नेम फुडं जाऊ दे न्हाईतर मागं, मी स्पष्ट येणारच. आन् फोटू जोडीचा काढायचा. ह्यांच्या शेजारी मी. तोच काचेत लावायचा, तिचा काढून.

सोमवार बघून गेलो. शाहूपुरीतली दुकानं बंद, भर दुपार, रस्त्यावर कुत्रं न्हाई. आतनं दार लावलं. मी माझं लग्नातलं हिरवं लुगडं नेसले हुते. आरशाम्होरं उभी ऱ्हायले तर गळ्यात टाक. माझ्या फोटूत बी ही मधी बसणार... डोकंच फिरलं. मी दोरा सोडला आन् टाक फोटू धुवायच्या अंधाऱ्या खोलीत, टेबलाच्या खणात टाकला. खण लावला, खोलीचं दार बी लावलं. मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई म्हणत्यात. बघू म्हटलं, भितंय का.

मालकांच्या ध्यानात आलं न्हाई. त्यांना खुर्चीवर बसवलं, शेजारी माझी खुर्ची ठेवली. वाकून ह्यांचा डोळा धरला. काचेत डोळा स्पष्ट आला. आकडा सोळावर नेला, फ्लॅशला सोसंल असा भिंगाच्या झडपेचा वेग धरला, गोळी बसवली. आपोआप फोटू निघायची कळ असती, ती ओढून सोडायची, मग कॅमेरा गुरगुरत ऱ्हातो आन् तेवढ्यात आपण जाऊन बसायचं. कळ सोडायच्या आधी एकवार काचेत बघितलं.

माझ्या रिकाम्या खुर्चीची गादी दबलेली दिसली.

मान वर करून बघितलं. गादी नीट हुती. परत काचेत बघायचा धीर झाला न्हाई. कळ सोडली आन् पळत जाऊन बसले. खुर्ची ऊन लागली... आत्ताच कुणीतरी उठून गेल्यागत. कॅमेरा गुरगुरत हुता. माझ्या पाठीमागनं ओल्या केसांचा वास आला, शिकेकाईचा. मी दोन दिसांत न्हाले न्हवते.

"अवो..." मी हळूच म्हटलं.

"हलू नगंस," मालक म्हणाले.

फाट्‌दिशी उजेड पडला. डोळ्यांम्होरं हिरवं-पिवळं झालं आन् तो करपट वास सुटला. शिकेकाईचा वास गेला.

रीळ धुतलं, वाळवलं. चार वाजलं असतील, आम्ही अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली कागद औषधाच्या पाण्यात टाकला. मालक चिमट्यानं कागद हलवत हुते. काळं-पांढरं हळूहळू वर याया लागलं. आधी ह्यांचे डोळे, मग मिशी, मग कोटाची बटणं. मागचा पडदा, चुणी न् चुणी. शेजारच्या खुर्चीवर माझं लुगडं, माझ्या बांगड्या, मांडीवर हात.

ते हात माझे न्हवते. बारीक, लांब बोटं. मी वर बघत गेले... गळा मोकळा. आन् तोंड तिचं. तिरकी बसलेली, कानामागनं बट सुटलेली.

आन् दोन खुर्च्यांच्या मागं, पडद्याच्या अलीकडं, कोणतरी उभं. सोळाचा आकडा हुता गं. ह्यांच्यापास्नं पडद्यापर्यंत सारं स्पष्ट आलेलं, आन् मधीच उभी ऱ्हायलेली ती बाई तेवढी पुसट. पिठाच्या गोळ्यागत तोंड. मी माझं तोंड वळखलं.

मी मालकांकडं बघितलं. ते हसत हुते. डोळ्यांत पाणी आलतं त्यांच्या.

"बघ," म्हणाले. "आज आलीस. आज किती चांगली आलीस बघ, चिमणा."

"अवो, ही मी न्हाई..."

"तूच की. मग कोण?"

"आन् मागं? मागं कोण उभं हाय?"

मालकांनी कागद दिव्याजवळ धरला. "मागं कुठं? पडदा हाय."

त्यांनी तो फोटू मोठा केला आन् काचेत लावला. अजून तिथंच हाय. बायका म्हणत्यात, चिमणाबाई, जोडी काय शोभून दिसती. घरात मात्र मी तो आणू दिला न्हाई. परत कधी कॅमेऱ्याम्होरं बी बसले न्हाई. म्हणून भिंती उघड्या.

त्या दिशी मालक पाण्यातनं फोटू काढत हुते तवा मी खण उघडला. टाक तिथंच हुता. गडबडीनं गळ्यात घालाया उचलला आन् बोट फिरवलं. गुळगुळीत. त्येच्यावरची बाई न्हवती. नुसता पत्रा, कुणी हात लावला नसल्यागत सपाट. उलटा केला, सुलटा केला, तांबड्या दिव्याखाली धरला. मग तसाच गळ्यात बांधला आन् ह्यांना न सांगता भायेर पडले.

बस गाठून राजारामपुरीत घरी आले. ऊन अजून हुतं. आक्का दारात डाळ निवडत बसल्या हुत्या. म्हातारीची नजर एवढी चांगली की सुईत दोरा ओवायची. मी पायरीपाशी आले तशी त्यांनी डोळे बारीक केले.

"कोण पायजे पावणं?"

"आक्का, मी हाय."

"मी म्हंजे कोण? जरा फुडं या. दिसत न्हाईसा नीट."

"आक्का, असं काय करता? मी चिमणा."

आक्का हसल्या. कुणी खुळं बाई दारात आल्यावर हसावं तसं. "चिमणा आत भाकऱ्या थापतीया. तुमी कोण, कुठल्या गावच्या?"

मी ऐकलं. आतनं आवाज येत हुता... थप, थप, थप. मधीच बांगड्यांचा आवाज.  भीतीपरास राग मोठा हुता बघ. माझी चूल, माझी परात. मी आक्कांना वलांडून तरातरा आत गेले.

कुणी न्हवतं. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी फुगलेली, दुरडीत भाकऱ्यांची चळत. परातीत वल्लं पीठ. शिकेकाईचा वास.

मागनं आक्का आल्या आन् वैतागल्या. "अगं, भाकरी करपली की. चूल टाकून कुठं गेलतीस चिमणा?" आता त्यांना मी दिसत हुते. दारातल्या बाईचं मी विचारलं तर म्हणाल्या, "कसली बाई?"

मला त्या भाकऱ्या उकिरड्यावर टाकायच्या हुत्या. आक्कांनी टाकू दिल्या न्हाईत, अन्नाला असं करू नये म्हणाल्या. दिवेलागणीला मालक आले, हातपाय धुवून माजघरात पाटावर बसले. आक्कांनीच ताट वाढलं. मी समोर भिंतीला टेकून बसले. 

मालकांनी भाकरी मोडली, एक घास खाल्ला आन् थांबले. ताटाकडं बघतच ऱ्हायले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. खरंच बघितलं, पोरी. लग्न झाल्यापास्नं मी त्या नजरंची वाट बघत हुते.

"चिमणा," म्हणाले, "अशी भाकरी ह्या घरात लई वर्सांनी झाली."

मी माझे हात बघितले. कोरडे हुते, पिठाचा कण न्हवता.

"अजून अर्धी वाढ की," म्हणाले.

मी भिंतीला धरून उठाया लागले. तवर आत चुलीपाशी बांगड्या वाजल्या, आन् मालकांनी ताट तिकडं फुडं केलं.