हिरवी तार

"मीच मारलं जी तिले. लिहून घ्या अन् टाका मले आत."

विद्युत निरीक्षक आनंदराव ठाण्याची पायरी चढत होते, तोच हे वाक्य कानावर आलं. बाकावर कवडू वायरमन बसला होता. सकाळी त्याची एकुलती एक पोरगी पुष्पलता सासरी कूलरमध्ये पाणी ओतायला गेली आणि शॉक लागून जागीच गेली. कूलर बापानंच लग्नात दिलेला. यंदा मे लागायच्या आधी त्याची वायरिंगही बापानंच नवी करून दिलेली.

"कबूल करून राहिला," फौजदार चंपतराव म्हणाले. "तुमचा अहवाल आला की झालं."

झालं म्हणे! पोरीला अजून अग्नी दिला नव्हता आणि यांना कागद मिटवायची घाई.

आनंदराव कवडूशेजारी टेकले. "काय चुकलं तुझं?"

"हिरवी तार सुटली होती जी. स्क्रू ढिला ठेवला असंल मी."

"तू पाहिलीस?"

"नाही. जवाई म्हणाला. माझ्याच्यानं पाहवलं नाही."

केबलमधली लाल तार करंट आणते, काळी परत नेते. हिरवी बिचारी एरवी काहीच करत नाही, नुसती कूलरच्या पत्र्याला धरून बसते. पण पत्र्यात करंट उतरला की तीच तो जमिनीत नेते, फ्यूज उडवते आणि माणूस वाचवते. ती सुटली तर पत्रा म्हणजे साक्षात मरण.

महाल भागातल्या पुष्पलताच्या सासरच्या घरासमोर मिरचीची पोती लागली होती. जावई भैयाजीचं तिखट कांडायचं मशीन ओसरीतच होतं. वर्षाचं तिखट करायचे दिवस, आणि मशीन बंद.

"बंद काहून?" आनंदरावांनी विचारलं.

"घरात मैत झाली जी. मशीन कोण चालवते आता?"

बरोबरच होतं. तरी आनंदरावांनी वाकून पाहिलं. मोटरला केबल नव्हती. स्क्रूखाली लाल, काळ्या आणि हिरव्या तारेचे बोटभर तुकडे तेवढे राहिले होते. त्यांची कापलेली टोकं चकाकत होती.

आत कूलर जागेवर होता. पंपाचं इन्सुलेशन जळून करंट पत्र्यात उतरत होता, हे तपासताच कळलं. आनंदरावांनी झाकण काढलं. लाल आणि काळी तार घट्ट होती. हिरवी लोंबत होती. तिन्ही एकाच मापाच्या. हिरवीचे केसांसारखे तांब्याचे धागे सरळ, कुठे दबल्याची खूण नाही.

"हिला कोणी हात लावला?"

"कोणी नाही जी. मामाजींनी जोडली तशीच आहे. बालटीची ओढ बसून सुटली असंल."

आनंदरावांनी प्लग उघडला आणि त्यांना सटासट शिंका आल्या. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"कूलरच्या वाळ्याची धूळ आहे जी," भैयाजी घाईनं म्हणाला.

आनंदरावांनी डोळे पुसले. केबल सोडवून घेतली आणि भैयाजीलाही सोबत चलायला सांगितलं.

ठाण्यात कूलर घरघरत होता. आनंदरावांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "चंपतराव, हा कोणी जोडला?"

"यानंच. हरसाल हाच येते."

"बंद करा. प्लगही काढा."

त्यांनी झाकण काढलं. आत लाल आणि काळी तार आखूड होती. हिरवी मात्र वीतभर लांब, ऐसपैस वेटोळं घालून पत्र्याच्या स्क्रूपाशी गेलेली.

"कवडू, ही एवढी लांब कशाला?"

कवडूनं प्रथमच मान वर केली. "ओढ बसली तर लाल पहिले तुटावी जी, करंटच बंद होते. हिरवी सगळ्यात शेवटी. मी सगळीकडे अशीच ठेवतो."

"आणि पोरीच्या कूलरला?"

"तिच्या तर आणखी लांब ठेवली होती!"

आनंदराव भैयाजीकडे वळले. "मग ओढीनं हिरवी एकटीच कशी सुटली? लाल-काळी तर जागच्या हलल्या नव्हत्या. हिरवीच्या तारांवर स्क्रूची खूणही नाही, म्हणजे हे टोक कधी जोडलंच गेलं नाही. तिन्ही तारा एका मापाच्या, कारण केबल कशावरून तरी एका झटक्यात कापून आणली. कशावरून? तिचे तुकडे तुझ्या मोटरवर आहेत. आणि वाळ्यानं मला कधी शिंक आली नाही, भैयाजी. प्लगमध्ये तिखट होतं. ही केबल तुझ्या मशीनला लागली होती."

भैयाजीनं हात जोडले.

"मशीनची केबल जळली जी. गिऱ्हाईक दारात बसून होतं. मामाजींची केबल चांगली जाड... म्हटलं, एक-दोन दिवसाचं काम."

"आणि कूलरला?"

"टेबललॅम्पची वायर. दोन तारांची. हिरवी तिच्यात नव्हतीच."

"ती गेल्यावर?"

"लोक यायच्या आत लॅम्पची वायर काढली. मशीनवरून केबल कापून परत लावली. हिरवी... हिरवी तशीच सोडली."

"म्हणजे आळ सासऱ्यावर यावा. तिला मारायचं तुझ्या मनात नव्हतं, ते मी अहवालात लिहीन. पण मरण झाकायला तू तिच्या बापाला खुनी केलंस. तेही लिहीन."

चंपतरावांनी शिपायाला खूण केली. भैयाजी सासऱ्याच्या पायांकडे वळला, पण कवडूनं पाय मागं घेतले.

भैयाजीला आत नेल्यावर आनंदरावांनी कवडूच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या हातून काही चुकलं नाही, बाबा. जोडणी पक्की होती."

वाटलं होतं, म्हातारा आतातरी मोकळा रडेल. तो रडला नाही.

"लहानपणापासून कूलरले भ्यायची जी ती," तो म्हणाला. "नवी केबल लावली तवा मी तिले ही तार दाखवली. म्हटलं, हिरवी आहे तवर बिनधास्त हात लाव, बाई. तुह्या बापानं लावली आहे."

चंपतरावांनी टोपी काढून हातात घेतली.

कवडू उठला. उघड्या पडलेल्या कूलरपाशी गेला, हिरव्या तारेचा स्क्रू नखानं चाचपला, मग शिपायाकडे पेचकस मागितला आणि तो आणखी आवळला.