आतेच्या जाळीवरचे काळे बांगडे

बांगडा बाहेरून काळाकुट्ट आणि आत काट्यापाशी चक्क कच्चा, हे होतं तरी कसं? शर्वाणीला तीन दिवस हे कोडं सुटत नव्हतं. आते बर्नरचं बटण जितकं मोठं करी, तितका मासा जास्तच काळा होई. आग वाढवली की मासा नीट भाजला जायला हवा ना? पण आतेच्या जाळीवर सगळाच उलटा कारभार चालला होता.

साल होतं २०६४. मालवणजवळच्या एका लहानशा बंदरात, धक्क्याला लागून भाजलेल्या माशांचे बारा गाळे होते. त्यातला शेवटचा, अगदी समुद्राच्या तोंडावरचा गाळा शर्वाणीच्या आतेचा, म्हणजे सायली तारीचा. गेल्या आठवड्यात सिलिंडर गेले आणि नळातून शेवाळगॅस (समुद्रातल्या शेवाळापासून केलेला जळाऊ वायू) आला. तेव्हापासून गिऱ्हाइकं एक घास खाऊन ताट बाजूला सारू लागली. आतेने मनाशी पक्कं केलं होतं, की आज संध्याकाळच्या बोटीची माणसंही तशीच उठली तर गाळा सोडायचा आणि लांबच्या शहरात बर्फाच्या कारखान्यात कामाला जायचं; तसं तिने धक्क्याच्या ऑफिसात कळवूनही ठेवलं होतं. शर्वाणी लहानपणापासून आतेपाशी वाढलेली. आतेला ती अशी जाऊ देणार नव्हती.

म्हणून दुपारी तिने कुतूला गाठलं. कुतू हा धक्क्यावरचा दुरुस्तीचा यंत्रमानव, उंचीने जेमतेम तिच्या खांद्याएवढा आणि बोलण्यात भलताच चिकट. उत्तर माहीत असलं तरी आधी चार प्रश्न विचारल्याशिवाय ते द्यायचं नाही, ही त्याची खोड. शिवाय लोकांच्या चुलीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, त्यामुळे जे काही करायचं ते शर्वाणीलाच करावं लागणार होतं.

त्याने ज्योतीचा रंग विचारला. पिवळा, शर्वाणी म्हणाली, आणि टोकं लवलवतात. आधी निळा असायचा.

मग कुतूने सांगितलं ते असं. गॅस एकटा जळत नाही, त्याला हवेतला प्राणवायू लागतो. बर्नरच्या नळीत बारीक भोकातून गॅस जोरात शिरतो आणि शिरताना नळीवरच्याच एका छोट्या खिडकीतून हवा आत ओढून घेतो. दोन्ही नीट मिसळले की ज्योत निळी आणि कडक होते. हवा कमी पडली तर गॅस अर्धवट जळतो आणि काजळी (न जळलेल्या कार्बनचे बारीक कण) तयार होते. हे कण तापून चमकतात, म्हणून ज्योत पिवळी दिसते. तेच कण माशावर बसतात, आणि अर्धवट जळलेल्या गॅसची उष्णता कमी पडून मासा आत कच्चा राहतो.

शर्वाणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बटण मोठं केलं की गॅस वाढतो, पण हवा तेवढीच राहते. म्हणजे आते आग वाढवत नव्हती, काजळी वाढवत होती.

पण हवा कमी का पडत होती? गॅस बंद करून बर्नर गार होऊ दिल्यावर ती खाली वाकली. नळीवरच्या त्या खिडकीला आतेने जुन्या जाळ्याचा तुकडा आणि वर फडकं घट्ट गुंडाळलं होतं.

"नवो गॅस इलो तेव्हा आग उडाक लागली, वारो लागता म्हणान बांधलंय मी," आते म्हणाली. "ह्या काढलंस तर वाऱ्यान आग इजतली."

समुद्रकाठी जन्म गेलेली बाई ती, चुलीला वारा लागू द्यायचा नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. शर्वाणीला तिचं चुकलं म्हणायला जीभ रेटेना. तिने हळूच फडकं सोडलं आणि बर्नर पेटवायला सांगितलं. ज्योत निळी झाली खरी, पण सूं सूं करत बर्नरपासून वर उचलली गेली आणि फट् करून विझली. आतेने लगेच गॅस बंद केला.

शर्वाणीचा चेहरा पडला. कुतूने मात्र आणखी एक प्रश्न विचारला. सिलिंडरच्या गॅसला जास्त हवा लागते की शेवाळगॅसला? त्याचं उत्तर त्यालाच द्यावं लागलं. सिलिंडरच्या गॅसला बरीच जास्त. जोडणाऱ्यांनी गॅसचं भोक बदललं होतं, पण खिडकीवरची, हवा कमी-जास्त करायची झडप जुन्या गॅसच्या मापाने सताड उघडीच राहिली होती. हवा फार झाली की ज्योत उडते.

"म्हणजे आते, तुझा पण बरोबर होता," शर्वाणी म्हणाली. "हवा जास्तच येय होती. फक्त तू सगळीच बंद केलंस."

आतेच्या कपाळावरची आठी सैल झाली. शर्वाणीने झडपेचा स्क्रू ढिला केला, झडप अर्ध्यावर आणली आणि आतेने पुन्हा बर्नर पेटवला. टोकाला अजून पिवळं होतं. गॅस बंद, बर्नर गार, झडप केसभर उघड, पुन्हा पेटव. चौथ्या खेपेला ज्योती निळ्या, ठेंगण्या, बर्नरला चिकटून उभ्या राहिल्या. आतेने कान लावला. सूं सूं आवाज नव्हता. मग तिने वाऱ्याच्या बाजूला, बर्नरपासून हातभर दूर, पत्रा उभा केला आणि खिडकी मोकळी ठेवली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बोट लागली. पहिल्या बांगड्याचा तुकडा मोडून आतेने स्वतः खाल्ला, काट्यापर्यंत बघितलं, आणि मगच ताटं वाढली. आज एकही ताट बाजूला सरलं नाही. शेजारच्या गाळ्यांतही खिडक्यांना फडकी बांधलेली होती आणि ज्योती अजून पिवळ्याच होत्या. आतेने तिकडे बोट दाखवत कुतूला सांगितलं, की उद्या आपण दोघांनी मिळून सगळ्यांच्या झडपा बघायच्या.

मग ती शर्वाणीकडे वळली.

"धक्क्याच्या हापिसात जा आणि सांग," ती म्हणाली, "सायली तारी गाळो सोडूची नाय."