परवाना नसलेला आवाज

बायको निर्मला सकाळचा चहा घेत असताना पुंडलिक रामटेके तिच्याशी बोलत, तेव्हा त्यांचे ओठ हलत नसत. आवाज यायचा तो चाकाच्या खुर्चीला बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून. चार वर्षांपूर्वी हिरापाणी खाणीचं छत कोसळलं. सहा जण गेले. सातवे रामटेके वाचले, पण मानेखालचं शरीर आणि वाचा गमावून बसले. हलत होत्या फक्त पापण्या. डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूवर केसाहून बारीक तारांची जाळी बसवली. मनात शब्द जुळले की जाळी ते टिपायची, नेटवरून चंद्रपूरच्या वाचासेतू केंद्रात पाठवायची आणि तिथला संगणक त्यांचा आवाज करून परत धाडायचा.

त्या मंगळवारी दहा वाजता ते म्हणाले, "निर्मला, माझा पांढरा सदरा..." आणि स्पीकर गप्प झाला.

दुपारी चारला खाण दुर्घटनेच्या चौकशी आयोगापुढे त्यांची साक्ष होती. जिवंत साक्षीदार तेवढे एकच.

निर्मलाबाईंनी रिक्षात खुर्ची चढवून केंद्र गाठलं, तेव्हा तिथली तंत्रज्ञ प्रणिता धोटे घामाघूम झाली होती. एसी बंद पडून खोली तापली होती आणि मुख्य सर्व्हर जळाला होता.

"काऊन बंद पडलं वं, पोरी?"

"काकू, काकांचा संगणक म्हणजे वेगळा डबा नाही. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभारलेलं आभासी यंत्र आहे ते. त्याची फाईल सुखरूप आहे. मी ती दुसऱ्या सर्व्हरवर चालवलीसुद्धा."

"मग?"

प्रणिताने पडदा त्यांच्याकडे वळवला. 'हा परवाना दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे. आधी ते यंत्र मुक्त करा.'

यंत्र चालवणाऱ्या कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला, खालचं हार्डवेअर अनोळखी वाटत होतं. तिच्या दृष्टीने ही चोरलेली प्रत होती. मूळ यंत्र मुक्त करायला ते सुरू तर व्हायला हवं, आणि ते कोळसा होऊन पडलं होतं. प्रणिताने परवाना देणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला सगळं खरं खरं कळवलं. उत्तर आलं, "तक्रार नोंदवली. परवान्यावर वादग्रस्त अशी खूण केली आहे. सात दिवसांत पडताळणी होईल."

"आमची साक्ष आज चारला आहे हो!" निर्मलाबाई फोनवर ओरडल्या. पलीकडे माणूस नव्हताच.

नवा परवाना घेऊन भागत नव्हतं. चार वर्षांत यंत्र रामटेक्यांचा मेंदू वाचायला शिकलं होतं आणि ती सगळी शिकवण जुन्या परवान्याने कुलूपबंद होती. प्रणिताने आयोगाच्या कार्यालयात फोन लावला. तारीख पुढे ढकलता येणार नाही, आयोगाची मुदत आजच संपते, असं सांगण्यात आलं.

ती रामटेक्यांसमोर गुडघ्यावर बसली. दोन वाजून गेले होते.

"काका, एक उपाय आहे. नव्या यंत्राला मी जुन्याचा ओळखक्रमांक देऊ शकते. पाच मिनिटांचं काम. पण मी तक्रार करून बसले. दर अर्ध्या तासाला नेटवरून पडताळणी होते. तेव्हा कंपनीला कळेल, आणि परवाना कायमचा रद्द होईल. तुमची शिकवणही उघडणार नाही."

"नेट बंद कर ना," निर्मलाबाई म्हणाल्या.

"नेट तोडलं तर आवाज आयोगाच्या दालनात पोचणारच नाही, काकू."

"पुन्हा शिकवता येते का त्याले?"

"जाळीभोवतीचा मेंदू आता पहिल्यासारखा नाही राहिला. डॉक्टर नाही म्हणतात."

रामटेके एकटक पाहत होते. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. त्यांनी एकदा मिटली.

निर्मलाबाई त्यांच्या खांद्याला धरून म्हणाल्या, "मग घरी माझ्याशी कसे बोलाल?"

पापणी पुन्हा मिटली. एकदाच.

चारला आयोगाच्या दालनात खुर्ची पोचली. प्रणिताने लॅपटॉपवरून यंत्र सुरू केलं. स्पीकर खरखरला. "निर्मला..."

"माझ्याशी नका बोलू," त्या पटकन म्हणाल्या. "तिथलं बोला."

आणि ते बोलले. छत तपासणं हे त्यांचं काम होतं. सळीने ठोकल्यावर दगड पोकळ वाजत होता. तीन दिवस त्यांनी नोंदवहीत धोका लिहिला. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने ते पान फाडलं आणि पाळीचे कामगार खाली उतरवले. व्यवस्थापकाचं नाव त्यांनी घेतलं. वेळ सांगितली, तो काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. मग सहा जणांची नावं, गावं, कोण कुठे उभा होता ते. मागच्या बाकावर कोणीतरी रडू लागलं. प्रणिता घड्याळाकडे पाहत होती. सव्वीस मिनिटं झाली होती.

खाण कंपनीचे वकील सावकाश उठले. "नोंदवहीतलं ते पान फाडताना तुम्ही स्वतः पाहिलंत, की ऐकीव?"

"माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी..."

स्पीकर थांबला. लॅपटॉपवर लाल अक्षरं उमटली. परवाना रद्द.

वकिलांनी पडद्याकडे नजर टाकली. "हे यंत्र अधिकृत होतं का?"

सगळ्यांची तोंडं प्रणिताकडे वळली. एका शब्दाने तिची नोकरी जाऊ शकत होती, कदाचित तुरुंगही झाला असता. "नव्हतं," ती म्हणाली. "ओळखक्रमांक मी बदलला. पण शब्द यांचेच होते."

"म्हणजे खोट्या ओळखीच्या यंत्राने दिलेली साक्ष! पूर्ण रद्द करावी."

आयोगाच्या प्रमुख निवृत्त न्यायाधीश लीला वैरागडे उठून खुर्चीपाशी आल्या. रामटेक्यांच्या चेहऱ्याजवळ वाकून त्यांनी विचारलं, "आता जे आम्ही ऐकलं, ते तुम्ही बोललात?" निर्मलाबाई म्हणाल्या, "एकदा मिटली तर हो."

पापणी मिटली. उघडली. मग ते पापणी न हलवता बाईंकडे पाहत राहिले.

वकील कायद्याचं पुस्तक चाळू लागले. टंकलेखिकेची बोटं कळांवर थबकली होती. तिने मान वर केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, ही साक्ष कोणाच्या नावावर लिहू, यांच्या की यंत्राच्या?"