येतो म्हणून गेलेले

वेळणखाडी बंदराच्या नियंत्रणकक्षातला पडदा सांगत होता, आवारातल्या चारशेच्या चारशे जागा भरल्या आहेत. खिडकीतून पाहिलं तर अर्धं आवार ओस. बाहेर मात्र ट्रकांची रांग थेट गावातल्या शाळेपर्यंत गेलेली, आणि सरपंचबाईंचे सकाळपासून सहा फोन येऊन गेलेले.

ऋजुता खोत पडद्यावरून खिडकीकडे आणि पुन्हा पडद्याकडे पाहत होती. सांगलीची ही अभियांत्रिकीची विद्यार्थिनी सहा आठवड्यांच्या उमेदवारीवर इथे आली होती, ती ही कोंडी फोडायलाच. आज शेवटचा दिवस. चार वाजता संचालक येणार होते. रांग तशीच दिसली, की यंत्रणा बंद आणि ऋजुताचं वर्ष पाण्यात.

यंत्रणेचं नाव बोलवेधी. घाटात ट्रकांचा माग तुटतो, म्हणून ती केबिनमधल्या माइकवरून चालकाचं बोलणं ऐकून जागा आधीच राखून ठेवायची.

"माणूस काय करणार हे इंजिनाआधी त्याची जीभ सांगते," यंत्रणेच्या प्रमुख डॉ. सुलभा नाखवे म्हणायच्या. कल्पना त्यांची. शब्दांची यादी ऋजुताची: 'येतो' म्हटलं की जागा राखायची, 'जातो' म्हटलं की सोडायची. इतकं सरळ, की कुणी तपासलंच नाही.

दोन वाजता ती वैतागून बाहेर जाण्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मिरजेचे ट्रकचालक दस्तगीर मुल्ला डाळिंबं उतरवून निघाले होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याबरोबर त्यांनी चहा घेतला, गाडीत चढले, खिडकीतून हात हलवला.

"बरंय, येतो!"

आणि गेले. ऋजुता जागच्या जागी थिजली. मग जी धावत सुटली ती थेट वरच्या मजल्यावर. तिने नोंदींमध्ये 'जातो' शोधलं. सहा आठवड्यांत एकदाही नाही.

"मॅडम, आपल्या यंत्राच्या मते या बंदरातून आजवर एकही गाडी गेलेली नाही."

नाखवेबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. निघताना 'जातो' म्हणणं अशुभ, हे त्यांनाही पाळण्यापासून माहीत होतं. त्या स्वतः रोज 'येते' म्हणूनच घराबाहेर पडायच्या. केव्हाच घरी पोचलेल्या गाड्यांसाठी यंत्रणा इमानेइतबारे जागा अडवून बसली होती.

दुरुस्ती सहा ओळींची निघाली. ट्रकचं तोंड बंदराकडे असेल तर 'येतो' म्हणजे येणार, पाठ असेल तर जाणार. सव्वातीनला फाटकाचा अडसर वर गेला तो खाली आलाच नाही. पावणेचारला शाळेसमोरचा रस्ता मोकळा झाला. सरपंचबाईंचा सातवा फोन आला, तो नुसता शाबासकीचा होता. ऋजुताला एकदम हलकं वाटलं. चारला संचालक आले, मोकळा रस्ता डोळे भरून पाहून नाखवेबाईंशी बाजूला काहीतरी बोलले, आणि चहा पिऊन गेले.

साडेपाचला ऋजुताने पिशवी उचलली.

"येते, मॅडम."

भिंतीवरचा हजेरीचा पडदा उजळला. 'ऋजुता खोत येणार. खुर्ची राखून ठेवली आहे.'

कक्षातली हजेरीही बोलवेधीच घ्यायची; दुरुस्ती फक्त ट्रकांना लागू होती, माणसांची यादी जुनीच राहिली होती. ऋजुता ओशाळून नोंद पुसायला वळली. नाखवेबाईंनी तिचा हात धरला.

"ही राहू दे. संचालकांनी मघाशी तुझ्या नेमणुकीला होकार दिलाय. परीक्षा झाली की ये."