घरत सरांची खुर्ची

“इथं कुणी बसलंय का?”

एसटीत आपण सगळेच विचारतो. पण अनुयाने हे एका रिकाम्या खुर्चीला विचारलं होतं... आणि उत्तर आलं होतं!

खोटं वाटेल. वाटू दे! अनुया माझी सख्खी मावसबहीण. भुताखेतांच्या नावाने खो-खो हसणारी. तिच्याच बाबतीत हे घडलं.

डिसेंबर १९९१. पनवेल. शाळेचा हॉल. दुसऱ्या दिवशी गॅदरिंग.

नववीच्या मुलींनी एका इंग्रजी शोकांतिकेवरून नाटक बसवलं होतं. सरदार आपल्या भल्या राजाला झोपेत मारतो, गादी बळकावतो आणि रयतेला छळछळ छळतो. सरदार होती अनुया. तालीमही बाईंनी तिच्यावरच सोपवलेली. मग काय, सगळीकडे तिचाच हुकूम!

भला राजा होती गव्हाणची किशोरी. एका वाक्यावर तिचं घोडं अडायचं.

“मी हाय तवर रयतेला भय नाय.”

“हाय-नाय काय गं?” अनुया कडाडली. “राजा आहेस की मासे विकतेस?”

सगळ्या खिदळल्या. अनुयाने राजाचं काम काढून नीताला दिलं आणि किशोरीला मुका भालदार केलं.

किशोरीने भाला भिंतीला टेकवला आणि पाचच्या एसटीने घरी गेली. नीताने खिडकीतून तिला गाडीत चढताना पाहिलं होतं.

हॉलमध्ये उरल्या तिघी. अनुया, नीता आणि रेवा.

अंधारून आलं... आणि लाईट गेली.

सिंहासन म्हणून मांडलेली वेताची खुर्ची घरत सरांची होती. जासईचे घरत सर, जुने हेडमास्तर. दोन वर्षांपूर्वी वारले. “कसं हाय पोरांनो?” म्हणायचे, तेही भर प्रार्थनेत! कुणी हसत नसे. रडकं पोर दिसलं की स्वतः उठून त्याला त्या खुर्चीत बसवायचे.

“काय महाराज,” नीताने डिवचलं, “हिंमत असेल तर विचारा की खुर्चीला, इथं कुणी बसलंय का?”

अनुयाने डोक्यावरचा मुकुट सावरला आणि ठसक्यात विचारलं.

शांतता...

कर्र...

वेत वाजला. भारी माणूस टेकल्यावर वाजतो ना, तसा.

आणि मग अगदी हळू...

“हाय.”

“किशोरी! बाहेर ये!” रेवा ओरडली.

कुणीच आलं नाही.

लाईट आली. खुर्ची रिकामी. पण बैठक खोल दबलेली... आणि तिघींच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

अनुयाने डोक्याला हात लावला.

मुकुट नव्हता.

तो भिंतीजवळ होता... किशोरीच्या भाल्याच्या टोकावर.

कुणी ठेवला? तिघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या होत्या! आजही अनुया कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी हाताने चाचपते. खरं सांगू? हल्ली मीही चाचपते.

त्या संध्याकाळी घरी मावशी सरदाराच्या अंगरख्याला जरीची किनार लावत होती. काका अख्ख्या ऑफिसला ‘आमची अनुया बघायला या’ सांगून आले होते. जेवायला बसायचं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली...

“बाबा, थांबा!”

अनुयाने आधी बैठकीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “आई, हा अंगरखा आता राजाचा, किशोरीच्या मापाचा कर. उद्या राजा तीच. आणि ती हाय म्हणणार, नाय म्हणणार, कुणी तिला टोकायचं नाही.”

“अगं, मग तुझं काम?”

“रेवाला पाठ आहे. मी भाला धरून उभी राहणार, आई. खुर्चीपासून लांब.”